पाईपलाईन टाकताय? आधी हे वाचा

देवगडात आंब्याच्या पेट्यांचं बुकिंग घेणारं ॲप आम्ही काढलं, आणि "आता पाईपलाईन टाकतोय" (म्हणजे नवा कोड आपोआप तपासून सर्व्हरवर चढवणारी साखळी) म्हटल्यावर काकांनी विचारलं, "पाणी खंयसून येतला?" तुमची तयारी याहून बरी असेल, असं धरून चालतो.

पहिलं काम, तपासणी पास झाल्याची हिरवी खूण मिळवा. कोड चालतो का, ते हंगाम संपल्यावर बघू. आंबा पिवळा दिसायला कार्बाईड लागतं, बिल्ड हिरवा दिसायला 'कंटिन्यू-ऑन-एरर: ट्रू' (चूक झाली तरी पुढे चला) ही एक ओळ पुरते. कार्बाईडवर निदान बंदी तरी आहे.

टेस्ट, म्हणजे कोड तपासणारे छोटे प्रोग्रॅम, पेटीच्या वरच्या थरासारख्या लिहा. एक पेटी, पत्ता पुण्याचा, पैसे भरलेले. पास! पैसे कापले गेले पण ऑर्डर पडलीच नाही, किंवा एकच ऑर्डर दोनदा पडली, ही सगळी खालच्या थरातली फळं. तिथे हात कशाला घालायचा?

एखादी टेस्ट सकाळी पास, दुपारी नापास होते? पुन्हा रन दाबा. तिसऱ्यांदा होतेच. शोधत बसलात तर कळेल, दोन टेस्ट एकाच डेटाबेसात एकमेकींच्या नोंदी पुसतायत. एका सातबाऱ्यावर दोन भाऊ. आमच्याकडे असली भांडणं कोर्टातही मिटत नाहीत, तुम्ही कोण लागून गेलात?

रात्री 2 ला रिलीज (नवा कोड गिऱ्हाइकांसाठी चालू करणं) लावा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे, असलं तर ते आपल्या सकाळी साडेसातला होईल, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी. (आमचं झालं. त्या दिवशी काकांनी वहीवर ऑर्डरी घेतल्या, एकही चुकली नाही.)

स्टेजिंग, म्हणजे खऱ्या ॲपआधी नकली सर्व्हरवर करायची चाचणी, नको. होडी आधी खाडीत फिरवून बघतात ते भित्रे. त्यापेक्षा फाईली हातानेच टाका. 2012 च्या 1 ऑगस्टला अमेरिकेत नाईट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीच्या 8 सर्व्हरांपैकी एकावर नवा कोड टाकायचा राहिला, आणि पाऊण तासात सुमारे 44 कोटी डॉलर गेले. पण त्यांचे 8 होते, आपला एकच. विसरणार कुठला?

रोलबॅकचं, म्हणजे जुन्या कोडवर परत जायचं, बटण मात्र ठेवा, दिसायला बरं दिसतं. जुन्या कोडाला लागणारा डेटाबेसातला कॉलम त्याच रिलीजमध्ये उडवलेला असला की ते दाबून काहीच होत नाही.

शेवटचं. मर्ज (नवा कोड मुख्य कोडात मिसळणं) शुक्रवारी संध्याकाळी करा आणि कणकवलीला कोकणकन्या पकडा. रत्नागिरी सोडली की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. तिथे रेंज नसते.