फक्त कूस बदलल्याने बेडसोर टळतात का?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मनाला लागली, लागायलाच हवी होती. तुमचे वडील आयसीयूत असताना त्यांच्या माकडहाडावर बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम, झाली. दर दोन तासांनी कूस बदलली असती तर ती झालीच नसती आणि ‘काही बेडसोर टळत नाहीत’ असं लिहून मी हयगयीवर पांघरूण घालते, असं तुमचं म्हणणं.

हयगय होते, हे खरंच. जिथे झाली तिथे जाब विचाराच. पण आयसीयूत कातडीचा शत्रू नुसता दाब नसतो. रक्तदाब सावरायला नॉरअ‍ॅड्रेनलिन हे औषध लावतात, त्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात. जीव वाचतो, कातडी उपाशी राहते. व्हेंटिलेटरवर न्यूमोनिया टाळायला डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवावी लागते, मग पेशंट घसरत राहतो. वरची कातडी चादरीला धरून राहते, आतलं हाड खाली सरकतं आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात. म्हणूनच पेशंटला वर घेताना फरफटत ओढायचं नाही, ड्रॉशीटने, म्हणजे पेशंटखाली घातलेल्या आडव्या चादरीने, दोघांनी उचलायचं. मास्क नाकावर रुततो, नाकातून पोटात घातलेली रायल्स ट्यूब नाकपुडीला काचते. त्या जखमांना तर कूस बदलून काहीच फरक पडत नाही.

लाल डाग दिसला की आम्ही बोटाने दाबून सोडतो. पांढरा पडला तर रक्त फिरतंय. लालच राहिला तर इजा सुरू झाली. सावळ्या कातडीवर ही लाली सहज दिसत नाही, तिथे हात लावूनच कळतं: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागतं का. खोल इजा वर दिसायला तर दोन-तीन दिवस जातात. त्यामुळे ज्या पाळीत जखम दिसली त्या पाळीतल्या सिस्टरला धारेवर धरणं मला पटत नाही.

मात्र ‘टळणारी नव्हती’ असं कुणी म्हणत असेल तर त्याने नोंदी दाखवाव्यात. बेडसोरचा धोका मोजणारा ब्रेडन स्कोअर रोज काढला का, कूस कधी बदलली, वळवल्यावर रक्तदाब घसरत होता तर निदान थोडं कलतं केलं का, टाचा अधांतरी ठेवल्या का? नोंदी नसतील तर तुमचा राग रास्त आहे.

आणि घरी हवेची रिंग वापरताय असं तुम्ही लिहिलंय, ती आजच काढा. तिच्या कडेचा दाब जखमेभोवतीचं रक्त अडवतो. तिथे चोळूही नका. एअर मॅट्रेस घ्या आणि पोटऱ्यांखाली उशी द्या, म्हणजे टाचा गादीला टेकणार नाहीत.