लॅमिनेट केलेली चिठ्ठी

परवा संध्याकाळी ऐन गर्दीत एका रिटायर्ड गुरुजींनी माझ्या मेडिकलच्या काउंटरवर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली. लॅमिनेट केलेली! आधार कार्डासारखी. आत अल्प्राझोलाम ०.५, म्हणजे मन शांत करणारी, झोप आणणारी गोळी, रात्री एक, महिनाभर. तारीख गेल्या वर्षीच्या गणपतीतली. वर कौतुकानं सांगतात, "घड्यांवर फाटायला लागली होती, म्हटलं एकदाचं करून घ्यावं. आता दहा वर्षं बघायला नको."

मी म्हटलं, गुरुजी, ही नाही चालणार, नवीन आणावी लागेल. झालं! "अण्णा असताना असं कधी झालं नाही, सूनबाई." अण्णा म्हणजे माझे सासरे, दुकान आधी त्यांचं होतं. मागे उभ्या असलेल्या, काहीही संबंध नसलेल्या एका गृहस्थांना लगेच कंठ फुटला, "द्या की ओ ताई, म्हातारं माणूस आहे." आणि शेवटी आठवड्यातून चारदा ऐकावा लागणारा तो प्रश्न: "मालक कुठं आहेत?"

मालक मीच आहे हो! भिंतीवर औषधविक्रीची, फॉर्म २० आणि २१ ची लायसन्स टांगलीत त्यांवर माझं नाव आहे, शेजारी फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे त्यावरही माझंच आहे. उद्या इन्स्पेक्टर आला तर तो मला धरणार. अण्णांच्या फोटोला नोटीस चिकटवणार नाही.

काउंटरवर उभ्या उभ्या रोज तेच सांगून घसा बसलाय, म्हणून इथं एकदा लिहून टाकते. औषध नियम १९४५, नियम ६५. शेड्यूल एचमधलं औषध, म्हणजे पाकिटावर 'फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकावे' अशी सूचना असते ते, एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचं. डॉक्टरांनी चिठ्ठीवरच लिहून दिलं असेल की इतक्या वेळा द्या, इतक्या दिवसांनी द्या, तर तसं द्यायचं. आणि दिल्यावर डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता, तारीख टाकायची, म्हणजे तीच चिठ्ठी घेऊन माणूस पुढच्या चौकातल्या मेडिकलमध्ये गेला तर तिथल्याला कळतं. आता सांगा, लॅमिनेशनवर शिक्का कुठं मारू? मारला तरी गुरुजी बाहेर पडेपर्यंत रुमालानं पुसून मोकळे.

त्यात अल्प्राझोलाम साध्या एचमध्ये नाही, एच-वन या त्याहून कडक यादीत आहे. १ मार्च २०१४ पासून त्याचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध कोणतं, गोळ्या किती. तीन वर्षं जपायचं. खरेदीची बिलं एका बाजूला, रजिस्टर दुसऱ्या बाजूला आणि मधे कपाटात उरलेल्या गोळ्या. हा हिशोब जुळला नाही तर जीव कुणाचा टांगणीला? गुरुजींच्या ३० गोळ्या मी कुठल्या डॉक्टरांच्या कुठल्या तारखेला लिहू?

पण खरं सांगू का, माझा राग गुरुजींवर नाहीच. राग आहे तो आतल्या खोलीत एसीत बसून चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांवर. बीपीची गोळी जन्मभर चालते हे मला कळतं, माझ्याकडं झाडू मारणाऱ्या मावशींना कळतं, मग डॉक्टरांना कळत नाही? 'दर महिन्याला, सहा वेळा द्यावे.' एवढं लिहायला कितीशी शाई लागते? नियमात सोय आहे, १९४५ च्या नियमात! १४ वर्षं मी या काउंटरमागे उभी आहे. अशी ओळ लिहिलेल्या चिठ्ठ्या एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात. ते लिहीत नाहीत, पेशंट भांडत नाही, कारण तिथं भांडायची हिंमत होत नाही. भांडण सगळं माझ्यासाठी राखून ठेवलेलं असतं.

फोन लावला तर काय ऐकायला मिळतं? "अहो मॅडम, माझाच पेशंट आहे, देऊन टाका ना." देऊन टाका! हे 'देऊन टाका' रजिस्टरला कुठल्या रकान्यात चिकटवू? चिठ्ठी लेखी लागते, सही लागते, तारीख लागते, एकूण किती गोळ्या ते लागतं.

आणि हो, मीही धुतल्या तांदळाची नाही. रविवारी संध्याकाळी एखादी आजी रिकामं पाकीट घेऊन येते, बीपीची गोळी ॲम्लोडिपिन संपलेली असते, दवाखाना बंद. तिला मी नियम वाचून दाखवू? देते दहा गोळ्या. दिल्या की रात्रभर मनात रुखरुख, आणि नाही दिल्या तरी रुखरुखच. त्या एका न लिहिलेल्या ओळीपायी गुन्हेगार कोण ठरतं, तर मी.

ब्रँडचा तमाशा तर वेगळाच. डॉक्टरांनी एका कंपनीचं नाव लिहिलं असेल तर शेड्यूल एचच्या औषधात मला परस्पर दुसरी कंपनी देता येत नाही, आत औषध तेच असलं तरी. गिऱ्हाईक म्हणतं, "स्वस्तातलं द्या ना, लुटता का?" डॉक्टरांनी औषधाचं मूळ नावच लिहावं, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत, असं मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्येच सांगून झालंय. माझ्याकडं जे येतं ते ईसीजीसारखं दिसतं.

समोरच्या मेडिकलमध्ये यातलं काहीही विचारत नाहीत. तिथल्या भिंतीवरही सर्टिफिकेट आहे. ते ज्याचं आहे तो पोरगा पुण्यात कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो, काउंटरवर बारावी नापास भाचा. सर्दीला सेफिक्झिम, म्हणजे अँटिबायोटिक, अंगदुखीला सेफिक्झिम, भाच्याचा मूड असेल तर पोटदुखीलाही. ते औषधसुद्धा एच-वनमधलंच आहे बरं. गिऱ्हाईक खूष, "तिथं किती पटकन देतात!" देतातच की. भाजी पण पटकनच देतात.

असो. आज सकाळी गुरुजी परत आले. दोन तास दवाखान्यात बसले, ४०० रुपये फी भरली आणि नवी चिठ्ठी आणली. ताजी तारीख, झोकात सही. मी खुशीत रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि चिठ्ठी सरळ केली. औषधाच्या जागी फक्त तीन अक्षरं: सीएसटी. म्हणजे 'आहे तेच चालू ठेवा'. आहे ते काय, किती, कधी, काही नाही.

मी चिठ्ठीकडं बघतेय, गुरुजी माझ्याकडं बघताहेत. म्हणाले, "सूनबाई, ही तरी चालेल ना? मग लगेच लॅमिनेट करून टाकतो."