कानात वारं शिरलं म्हणून कुणी डॉक्टर गाठतं का?

कुत्रं घरात अचानक उधळलं की "ह्याला काहीतरी झालंय" म्हणणाऱ्यांची आमच्या सोसायटीत कमी नाही. परवा लिफ्टमध्ये एका ताईंनी विचारलं, "आमचा ब्रुनो रात्री जेवणं झाली की येड्यासारखा पळत सुटतो. शांत राहायचं काही औषध असतं का हो?" मी विचारलं, वय काय? तर म्हणे दीड वर्ष. दिवसभर कुठे असतो? घरातच, आम्ही दोघं ऑफिसला. खाली किती वेळ नेता? शी-शू झाली की लगेच वर, वेळ कुठे असतो!

औषध कुणाला द्यायचं ते मला कळलं होतं, पण शेजारधर्म म्हणून गप्प बसले. तिथे जे गिळलं ते इथे लिहितेय.

ही धावाधाव म्हणजे आजार नाही, वाईट खोडही नाही, आणि मोडून काढायची गोष्ट तर नाहीच नाही. हल्ली सगळे ह्याला झूमीज म्हणतात. वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांकडे ह्याचं नाव आहे 'फ्रेनेटिक रँडम अ‍ॅक्टिव्हिटी पीरियड्स', म्हणजे फ्रॅप. नाव असं भारदस्त की ऐकूनच एखादी गोळी घ्यावीशी वाटते. आत मामला साधा आहे. साचलेली शक्ती, उत्साह, कधीकधी ताण, हे सगळं दोन-चार मिनिटांत बाहेर पडतं आणि कुत्रं मोकळं होतं. गावाकडे वासरू शेपटी वर करून उधळलं की आजी "कानात वारं शिरलंय त्याच्या" एवढं म्हणायची आणि भाकरी थापत राहायची. गुरांचा डॉक्टर कुणी बोलावला नाही.

आमची टिकली गावठी आहे, कपाळावर पांढरा ठिपका. तिचं सुरू होण्याआधी एक क्षण ती जागच्या जागी थबकते. कान मागे जातात, डोळे मोठे होतात. मग मागचा भाग खाली दबतो, शेपटी आत, पाठीला बाक, आणि सुटते. हॉल, पॅसेज, बेडरूम, पलंगावर उडी, पलंगावरून खाली, पुन्हा पॅसेज. स्वयंपाकघराच्या वळणावर पायपुसणं तिच्यासकट फ्रिजपर्यंत घसरत जातं. मध्येच माझ्यासमोर करकचून थांबते, पुढचे पाय जमिनीला टेकवते, ढुंगण वर, आणि परत सुसाट. शेवटी फरशीवर पोट टेकून, मागचे पाय पसरून पडते, जीभ बाहेर. चेहरा असा की मघाशी इथे कोण पळत होतं, काही कल्पना नाही बुवा.

ती मधली मुद्रा महत्त्वाची आहे. पुढून वाकून मागून वर, म्हणजे खेळाचं आमंत्रण. कोलोरॅडो विद्यापीठातल्या मार्क बेकॉफ ह्यांनी कुत्र्या-लांडग्यांच्या खेळाचा अभ्यास करून 1995 साली दाखवलं होतं की खेळताना चावा, हिसडा असं गैरसमज होण्याजोगं काही करण्याच्या आगेमागे ही जनावरं ही मुद्रा करतात. म्हणजे समोरच्याला सांगतात, बाबा रे, हे खेळातलं आहे, मनावर घेऊ नकोस. आपल्या राजकारण्यांनाही शिकवायला हवी.

वेळाही ठरलेल्या असतात. भल्या पहाटे किंवा संध्याकाळनंतर, घरचं माणूस कामावरून परतल्यावर, पोट साफ झाल्यावर (ह्यावर हसू नका, आपल्यालाही तेव्हा हलकं वाटतंच की), डॉक्टरांच्या टेबलावरून सुटका झाल्यावर, आणि आंघोळ झाल्यावर तर हमखास. आंघोळीनंतरचं पळणं मात्र नुसत्या आनंदाचं नसतं. ओलं अंग, शाम्पूचा परका वास, इतका वेळ धरून ठेवल्याची धास्ती, सगळं झटकायचं असतं त्याला. म्हणून सोफ्याला अंग घासतं, गादीवर लोळतं. तेव्हा ओरडण्यापेक्षा आंघोळीआधी सोफ्यावर जुनी चादर टाकून ठेवावी. पिल्लांना आणि तरुण कुत्र्यांना हे जास्त होतं, वयाबरोबर कमी होत जातं. पण म्हातारं कुत्रंसुद्धा एखाद्या दिवशी अर्धी फेरी मारतं, आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी कामं सोडून बघावं, असं मला वाटतं.

आता खरी काळजी कशाची करायची? फरशीची. आपल्याला चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स हव्यात, त्यात झुंबर दिसलं पाहिजे. कुत्र्याच्या पंज्याला तिथे पकडच मिळत नाही. भरधाव वेगात वळताना पाय फाकतो, आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटला की ऑपरेशनपर्यंत मजल जाते. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष मुळात बऱ्याचदा आनुवंशिक असतो, त्यात रोजचं घसरणं. डॅशुंडची पाठ लांब आणि मणक्याच्या चकत्या नाजूक, त्याने पलंगावरून उड्या मारणं म्हणजे संकटाला निमंत्रण. उपाय कमी खर्चाचे आहेत. पळायच्या वाटेवर सतरंज्या किंवा खाली रबर असलेले गालिचे टाका (नुसतं पायपुसणं नको, ते फ्रिजपर्यंत जातं, वर सांगितलंच). नखं वेळेवर कापा. पंज्याच्या गाद्यांमध्ये वाढलेले केस छाटा, त्यानेही घसरायला होतं. गॅसवर कढई असेल तर स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या, बाल्कनीचंही. आणि घरात काठी घेऊन चालणारे आजी-आजोबा असतील तर आधी त्यांना खुर्चीत बसवा. कुत्र्याचा सांधा महत्त्वाचा, पण आजीचा खुबा आधी.

उन्हाळ्यात आणखी एक. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंज्यांतून येतो, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत धापा टाकूनही अंग लवकर थंड होत नाही. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं तर आधीच श्वासाला अवघड. मे महिन्यात ते दुपारी उधळले तर पंखा, पाणी आणि सक्तीची विश्रांती. आणि हस्की पाळणाऱ्यांनो, रागवा माझ्यावर हवं तर. सायबेरियाच्या बर्फात मैलोन् मैल गाडी ओढण्यासाठी घडवलेलं जनावर तुम्ही वन बीएचके मध्ये एसी लावून ठेवता, आणि ते पडदे फाडतं म्हणून तक्रार करता? पडद्यावरच भागवतंय, हे त्याचे उपकार समजा.

पळत असताना मागे लागू नका, ओरडू नका. तुम्ही मागे धावलात की त्याच्या लेखी तुम्ही खेळात सामील झालात, ओरडलात की आणखी रंगात आलात. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, असं सांगतात. आपण चप्पल घेऊन धावतो, म्हणून कुत्रं थांबत नाही. रस्त्यावर हातातून पट्टा सुटला आणि ते उधळलं, तर पाठलाग मुळीच नको. हाक मारा आणि उलट दिशेला पळा, किंवा सरळ खाली बसा. बहुतेक वेळा तेच तुमच्याकडे येतं.

राहिले खालच्या मजल्यावरचे. आमच्या खालचे काका एकदा वर येऊन अगदी सभ्यपणे म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे रोज रात्री कपाट सरकवतात का?" नियम आपल्या बाजूने आहे. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला ठराव करून कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण रात्री अकराला डोक्यावर घोडदौड ऐकणाऱ्या माणसाला नियम दाखवणं हा उद्धटपणा आहे. आम्ही सतरंज्या टाकल्या आणि टिकलीला रात्री जेवणाआधी बाहेर न्यायला लागलो, निवांत, हवं तितकं हुंगू देत. एकेक खांब, एकेक टायर वाचून काढते. तिचं डोकं थकलं की पायही थकतात. पळणं थांबलेलं नाही, पण आता ते बहुधा साडेआठच्या आत उरकतं, टीव्हीवर मालिका मोठ्याने लागलेली असते तेव्हा.

डॉक्टरकडे कधी जायचं, हेही सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई सगळ्यालाच हसण्यावारी नेते. खेळून उधळलेलं कुत्रं सैल असतं, तुमच्याकडे बघतं, बिस्किटाचा पुडा वाजला की थांबतं. पण तेच तासन् तास स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरत असेल आणि हाकेने भानावर येत नसेल, अंगाला चावे घेत असेल, ढुंगण सारखं जमिनीवर घासत असेल, डोकं एकाच बाजूला झटकत असेल, तर ते झूमीज नव्हे. पडून अंग ताठ झालं, तोंडाला फेस आला, नकळत लघवी झाली तर ती फिट असू शकते, तिथे थांबायचं नाही. अशा वेळी जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांच्या टेबलावर आपली पोरं पुतळा होऊन उभी राहतात आणि आपण तोंडी वर्णन करताना निम्मं विसरतो.

साध्या पळण्याचाही व्हिडिओ काढा हवा तर, रील टाका. फक्त कृपा करून त्यावर ढोल-ताशा लावू नका, खालच्या काकांच्या फोनवरही येतं ते.