पाटी आणि दप्तर

औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर. गेल्या काही वर्षांत घरी फोन केला आणि हा विषय निघाला नाही, असे क्वचितच झाले. काका एका बाजूला, मामेभाऊ दुसऱ्या बाजूला आणि आई दोघांवरही वैतागलेली. मी ऑल्बनीजवळ राहते. न्यूयॉर्क राज्याच्या या राजधानीचे नावसुद्धा नामांतरातूनच आले आहे.

१६६४ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी डचांचे न्यू ॲम्स्टरडॅम लढाईशिवाय घेतले. इंग्लंडच्या राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणून शहर न्यूयॉर्क झाले. हडसन नदीच्या वरच्या अंगाला बेव्हरवाइक नावाचे डच गाव होते. त्याला याच ड्यूकची दुसरी पदवी मिळाली, ऑल्बनी. १६७३ मध्ये डचांनी न्यूयॉर्क परत जिंकून त्याचे न्यू ऑरेंज केले. पुढच्याच वर्षी तह झाला आणि पुन्हा न्यूयॉर्क. दहा वर्षांत तीनदा पाटी बदलली. जगणे मात्र त्या वेगाने बदलले नाही, कारण शरणागतीच्या कलमांत डच रहिवाशांचा धर्म आणि वारसाहक्काच्या रीती राखल्या होत्या. अमेरिकेचे आठवे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन १७८२ मध्ये ऑल्बनीच्या दक्षिणेला किंडरहूकला जन्मले. त्यांच्या घरात तेव्हाही डचच बोलत.

तरीही या देशाने आपला इतिहास बराच काळ इंग्रजीतूनच वाचला. डच वसाहतीचे सुमारे १२,००० पानांचे सरकारी दप्तर ऑल्बनीत होते, पण सतराव्या शतकातली ती भाषा आणि ते वळणदार हस्ताक्षर वाचणारे जवळजवळ कोणी नव्हते. २९ मार्च १९११ च्या पहाटे राज्य ग्रंथालयाला आग लागली. डच कागद खालच्या फळ्यांवर होते म्हणून बरेचसे वाचले. कडा जळाल्या, पाने भिजली. व्हॅन लार नावाच्या अभिलेखपालाने त्यांचे भाषांतर सुरू केले होते, ते या आगीत गेले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. १९७४ पासून चार्ल्स गेहरिंग यांनी हेच काम हाती घेतले आणि अर्धे शतक चालवले. एका माणसाच्या चिकाटीमागे एक संस्था इतका काळ उभी राहिली, ही या राज्याची मला सर्वात आदर वाटणारी गोष्ट आहे.

त्या काळाच्या कागदांतून दिसते काय? मार्गारेट हार्डेनब्रुक. लग्नानंतरही स्वतःच्या नावाने व्यापार करणारी, जहाजांची मालकीण. डच कायदा तिला ते करू देत होता. इंग्रजी कायद्याने विवाहित बाईचे हे हक्क आवळले. तीच बाई गुलामांच्या व्यापारातही होती. १६५७ मध्ये याच वसाहतीतल्या फ्लशिंग गावच्या ३० रहिवाशांनी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या छळाविरुद्ध गव्हर्नर स्टायव्हेसंटला सह्यांचे पत्र दिले. धर्मस्वातंत्र्याचा आरंभ म्हणून त्याचा अभिमानाने उल्लेख होतो. पण त्याच्या १३ वर्षे आधी, १६४४ मध्ये, वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीच्या ११ गुलामांना 'अर्धे स्वातंत्र्य' मिळाले होते. दरवर्षी धान्य आणि एक पुष्ट डुक्कर कंपनीला द्यायचे, शिवाय झालेली आणि होणारी सगळी मुले गुलामच राहणार. एकाच कारभाराच्या कागदांत ही दोन्ही पाने आहेत. 'डच म्हणजे सहिष्णू' एवढेच म्हणून आता कोणालाही सुटता येत नाही.

इथे भांडणे होत नाहीत, असे नाही. डच वंशाचे सेनानी फिलिप स्कायलर गुलामांचे मालक होते, म्हणून त्यांचा पुतळा २०२३ मध्ये ऑल्बनीच्या सिटी हॉलसमोरून हलवला, आणि त्यावर अजून दोन तट आहेत. पण दोन्ही तटांना कागद उघडूनच बोलावे लागते.

आपल्याकडे पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, बहुतेक मोडी लिपीत. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यातून ४५ खंड निवडून छापले. उरलेला ढीग अफाट आहे आणि मोडी सहज वाचणारी माणसे फार थोडी. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी दक्षिणेत डच ईस्ट इंडिया कंपनीला दिलेल्या कौलात गुलामांच्या खरेदी-विक्रीला मनाई केली. हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. पण पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम दासींच्या, विक्रीच्या नोंदीही आहेत, त्या तितक्याच मोकळेपणाने सांगणारे मला फारसे भेटले नाहीत.

नामांतराला माझा विरोध नाही. लोकांना आपल्या गावाचे नाव निवडण्याचा हक्क आहे, आणि जुनी जखम नावातही असते, हे काकांचे म्हणणे मला पटते. 'परदेशात बसून सल्ले देऊ नकोस,' हेही ते म्हणतात. तरी एक मागणे मागतेच. पाटी बदलण्याचा निर्णय ज्या तडफेने होतो, त्याच तडफेने मोडी वाचकांची कायम पदे भरा, त्यांना पोटभर पगार द्या, आणि वाचून झालेले प्रत्येक पान, आवडो न आवडो, देवनागरीत सर्वांसाठी खुले करा. मामेभावाची मुलगी इतिहासात एम.ए. करते आहे. मोडी शिकून पुढे नोकरी कुठे, असे तिने मला विचारले, आणि तिला सांगता येईल असे एकही पद मला ठाऊक नव्हते.