गोजी बेरीने चष्मा उतरत नाही

"रात्री वीस गोजी बेरी भिजत घाला, सकाळी पाण्यासकट खा. तीन महिन्यांत चष्मा उतरेल, मोतीबिंदू विरघळेल, काचबिंदूही बरा होईल. चीनचा हजारो वर्षांचा उपाय, दुष्परिणाम शून्य!" हा निरोप व्हॉट्सॲपवर फिरतोय. गोजी म्हणजे छोटं लाल फळ, आपल्याकडे वाळवलेलं मिळतं. एकेक दावा घेऊ.

चीनचा उपाय? हो, हे खरं. चीनच्या निंग्शिया भागातली गोजी प्रसिद्धच आहे. चिनी वैद्यकात डोळ्याचं नातं यकृताशी लावतात, म्हणून शेवंतीच्या चहात गोजी घालतात. गोजी, शेवंती आणि आणखी सहा औषधींची 'छी जू दी हुआंग वान' ही गोळी डोळे कोरडे पडले, धूसर दिसू लागलं की देतात. पण वैद्य आधी नाडी आणि जीभ बघतो. सरसकट सगळ्यांना वीस दाणे ही भर निरोपवाल्यांची.

चष्मा? डोळ्याचा गोळा मागे लांबला की लांबचं धूसर दिसतं. डोळ्यातलं भिंग ताठर झालं की चाळिशी लागते. फळ खाऊन यातलं काय बदलणार? मोतीबिंदूत भिंगातली प्रथिनं गढूळ होतात; त्याला शस्त्रक्रियाच.

मग यात काहीच तथ्य नाही का? आहे, थोडं. गोजीत झियाझँथिन भरपूर असतं आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागी, मॅक्युलात, हेच पिवळं रंगद्रव्य साठतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने 2021 मध्ये छापलेल्या अभ्यासात 45 ते 65 वयाच्या 13 जणांनी आठवड्यातून पाच वेळा 28 ग्रॅम गोजी 90 दिवस खाल्ली. त्यांच्या मॅक्युलातलं रंगद्रव्य वाढलं. पण माणसं मोजून तेरा, तीही निरोगी. आजार बरा होतो का, हे त्यात तपासलेलंच नव्हतं. शिवाय झियाझँथिन पिवळ्या मक्यातही असतं, निरोप पाठवणाऱ्याला मका विकायचा नसतो इतकंच.

काचबिंदूचा दावा मात्र घातक आहे. यात दृष्टीची नस हळूहळू मरते. बहुतेकदा दुखत नाही, आधी कडेचं दिसणं जातं, त्यामुळे बराच काळ कळतही नाही. गेलेली नजर परत येत नाही; डोळ्यातला दाब कमी ठेवून उरलेली वाचवायची, एवढंच हातात असतं. गोजीच्या भरवशावर दाब कमी ठेवणारे डोळ्यातले थेंब बंद केले, तर नुकसान झाल्याचं रुग्णाला फार उशिरा समजतं.

आणि "दुष्परिणाम शून्य"? वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी गोजीचा चहा प्यायल्यावर रक्त जास्तच पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. घरात कुणाला ही गोळी चालू असेल, तर गोजीचं पाकीट फोडण्याआधी डॉक्टरांना विचारा.