मूर्तिकाराचं शेड म्हणजे लारी की केबिन?

परवा गणपतीचं बुकिंग करायला गेलो होतो. यंदा, म्हणजे २०२५ ला, चतुर्थी २७ ऑगस्टला आलीये आणि बडोद्यात ज्याच्या घरात गेल्या वर्षी याच दिवसांत पुराचं पाणी शिरलं होतं त्याला ही तारीख वेगळी समजावून सांगायला नको. आमचे मूर्तिकार काका (नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही) म्हणाले, यंदा खालची फळी रिकामी ठेवलीये बघ. बघितलं तर खरंच, बांबूचा माचा छातीपर्यंत उंच केलाय, सगळे बाप्पा वर दाटीवाटीने बसलेत आणि खाली फक्त शाडूची पोती. म्हटलं पोती भिजली तर? म्हणाले भिजू दे की, माती भिजून मातीच राहते.

तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते लिहितोय, लांब होणार आहे, आधीच सांगतो.

गेल्या वर्षी गोकुळाष्टमी २६ ऑगस्टला होती. पाऊस थांबेना, आजव्याच्या धरणाचं पाणी आलं आणि आमची विश्वामित्री नदी ३७ फुटांच्या वर गेली, धोक्याची खूण पंचवीस-सव्वीसला असताना. पुढचं तुम्ही सगळ्यांनी रील्समध्ये बघितलंच आहे, म्हणजे मगरी बघितल्यात. घराच्या छपरावर मगर, कॉलेजच्या आवारात मगर. पुण्याच्या मावशीने फोन केला तो पण मगरींसाठीच, "अरे खरंच का रे?" खरंच. वनखात्याने तीन दिवसांत २४ मगरी वस्तीतून उचलल्या, आकडा पेपरात आला होता. म्हणजे मगरी मोजल्या गेल्या. आता माझा मुद्दा असा की त्याच पाण्यात या गावातले किती मूर्तिकार, चित्रकार, तबलेवाले, फ्रेमवाले गेले (जिवानिशी नाही, धंद्यानिशी) तो आकडा कुणी मला आणून दाखवा. माझ्या तरी बघण्यात आलेला नाही.

पाणी उतरल्यावर मी काकांच्या शेडवर गेलो तेव्हा तिथे जे होतं ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. सगळ्यात खालच्या फळीवरचे गणपती राहिलेच नव्हते, नुसते करडे ढिगारे, मधूनच एखादा कान नाहीतर सोंडेचं टोक दिसायचं. मधल्या फळीवरचे पोटापर्यंत शाबूत आणि पाय गेलेले, मांडी घातलेली जागा अशी बसलेली जशी साबणाची वडी पाण्यात राहिल्यावर होते. वरच्या फळीवरचे मात्र एकदम ठणठणीत, काहींच्या तर डोळ्यांची आखणीसुद्धा झालेली, ते सगळं बघत बसलेले. चतुर्थी ७ सप्टेंबरला, हातात आठवडा, वीज नाही. आणि वास. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून कळणार नाही.

आता माझी लाजिरवाणी गोष्ट. शेडवर जायच्या आदल्या दिवशी मी काकांना फोन केला होता, आणि विचारलं काय, तर "काका, ॲडव्हान्सचं काय करायचं?" दोन हजार रुपये दिले होते. माझ्या घरात पाणी, फ्रिज गेलेला, स्कूटर गेलेली, डोकं ठिकाणावर नव्हतं, सगळी कारणं मला पाठ आहेत. पण विचारलं हे खरं. ते म्हणाले, ये उद्या, बघू.

गेलो तर त्यांनी आमची मूर्ती बाजूला काढून ठेवलेली. मधल्या फळीवरची. पाय गेलेले ते परत करायला घेतले होते. आणि हे काम वाटतं तेवढं सोपं नाही बरं का, वाळलेल्या मातीला ओली माती लावली की ओली आकसते आणि जोडावर तडा जातो, म्हणून ते मातीत कापूस पिंजून घालत होते, आधी जुनी कड ओल्या फडक्याने मऊ करून घेत होते, मग थोडी थोडी माती. दिवसाला दोनच थर. घाई केली की तडकते म्हणाले. रंगवायला वेळ मिळणार नव्हता, तशीच न्यावी लागेल हे त्यांनी आधीच सांगितलं.

घरी आईने हरकत घेतली. भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही. बरोबर आहे, आपल्याकडे नाहीच चालत. मग आमच्या गुरुजींना विचारलं (त्यांच्या स्वतःच्या पोथ्या गच्चीवर वाळत होत्या), ते म्हणाले, "वहिनी, भंगायला आधी प्राणप्रतिष्ठा व्हावी लागते, तोवर ती मातीच आहे, आणि माती कितीदाही घडवता येते." आई गप्प. गेल्या वर्षी आमच्याकडे बिनरंगाचा करड्या मातीचा बाप्पा बसला आणि खरं सांगतो, इतक्या वर्षांत एवढा देखणा बसला नव्हता. शेजारचे गुजराती काका-काकी रोज आरतीला यायचे.

पण ही गोड गोष्ट सांगायला ही पोस्ट लिहिलेली नाही. मी धंद्याने हिशेबनीस. लोकांची रिटर्न भरतो. त्यामुळे पुरानंतर सरकारी मदतीचं पॅकेज आलं तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांचे फॉर्म माझ्या टेबलावर. त्यात प्रकार होते: लारी (हातगाडी) असेल तर ५,०००, छोटी केबिन (टपरी) २०,०००, मोठी केबिन ४०,०००, पाच लाखांपर्यंत महिन्याची उलाढाल असलेलं पक्कं दुकान असेल तर ८५,०००. पॅकेज वाईट होतं असं मी म्हणत नाही, लारीवाल्याचा विचार केला हेच पुष्कळ, आणि मी स्वतः भरून दिलेल्या फॉर्मांवर लोकांना पैसे मिळालेत. पण काकांचा फॉर्म भरायला बसलो आणि पेन अडलं. भाड्याच्या प्लॉटवर तीन-चार महिन्यांसाठी बांबू आणि ताडपत्रीचं शेड. ही लारी आहे का? चाकं नाहीत. केबिन? दारच नाही. पक्कं दुकान? गुमास्ता परवाना नाही, आणि उलाढाल दाखवायची तर जीएसटी कुठून आणू. नुकसानीचा पुरावा मागितला तर तो पाण्यात विरघळलेला, शब्दशः.

तबलेवाल्या चाचांचं तेच. घरातल्या पुढच्या खोलीत काम, म्हणजे कागदावर ते नुसतं घर. पाण्यात बुडालेल्या तबल्याची शाई (मधला काळा गोल) सुटते, पुडी (वरचं कातडं) सैल पडते, ती टाकूनच द्यायची. खोड शिसवीचं असेल तर सावलीत हळूहळू वाळवून वाचतं, उन्हात ठेवलं की फुटलं. गिऱ्हाइकांचे दुरुस्तीला आलेले तबलेही त्यातच होते, ते भरून कुणी द्यायचे?

आणि इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधून शिकून इथेच राहिलेला माझा मित्र. स्टुडिओ तळमजल्यावर, कारण तळमजला स्वस्त आणि एचिंगचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून चित्रं छापायचा, प्रेस एवढा जड की तो वर चढवणार कोण. कागद ठेवायची ती मोठ्या चपट्या खणांची कपाटं असतात ना, त्यात सगळ्यात जुनं काम सगळ्यात खालच्या खणात. लाकूड फुगलं आणि खण चार दिवस उघडेचनात. उघडले तेव्हा बुरशी. वॉटरकलर तर गेलेच. प्रिंटवरची शाई तेलातली म्हणून रेघ न् रेघ जागेवर, खालचा कागद मात्र हातात घेतला की भाकरीसारखा तुटायचा. वीस वर्षं. तो फॉर्म भरायलाच आला नाही, म्हणाला मी काय लिहू, "रद्दी, अमुक किलो"?

तर माझं म्हणणं एवढंच आहे की बडोद्याची कला तळमजल्यावर राहते. आपण "कलानगरी कलानगरी" म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर राजवाड्यातला रविवर्मा येतो, फाइन आर्ट्सची मोठी नावं येतात. त्यातलेच भूपेन खख्खर, माझ्याच धंद्यातले, १९६२ मध्ये इथे आले आणि हिशेबाची नोकरी करत करत चित्रं काढायचे, त्यांनी रंगवलं कुणाला तर न्हाव्याला, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला. तळमजल्यावरच्याच माणसांना. त्यांची काही चित्रं आता परदेशातल्या म्युझियममध्ये कोरडी आहेत. बरं आहे.

विश्वामित्रीच्या पुलापाशी कीर्तिमंदिर आहे, गायकवाड घराण्याचं स्मारक. आत नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात येऊन जाऊन भित्तिचित्रं केली, त्यात एक गंगावतरण आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत बघितलं होतं, तेव्हा कंटाळा आला होता. पुरानंतर परत गेलो. गंगा एवढ्या जोराने येतेय आणि तिला धरायला जटा आहेत. आमच्या विश्वामित्रीच्या जटा म्हणजे तिच्या काठची कोतरं (घळी), ओढे, पाणथळी, त्या आपण भरून प्लॉट पाडले. हो, यंदा उन्हाळ्यात नदीतला गाळ काढलाय, काम दिसलंय, नाही म्हणत नाही. पाऊस कमी झाला तर सगळे म्हणतील काम झालं, जास्त झाला तर बघू.

एक मित्र म्हणाला, लोकांच्या घरात पीठ नव्हतं आणि तुला तबले सुचतात. अरे बाबा, तबलेवाल्याच्या घरातही पीठ नव्हतंच, आणि ते पीठ तबल्यातूनच यायचं होतं. आणि दुसरं म्हणजे पूर ओसरला की कुठल्याही गावात हौशी लोकांना पहिलं सुचतं ते भिंती रंगवायचं. फ्लायओव्हरच्या खांबावर हसरी मगर, "आम्ही परत उभे राहिलो". छान दिसतं, सेल्फी येतात. पण तो ब्रश ज्याच्या हातात दिलाय त्याचा स्टुडिओ कोरडा झाला का, हे विचारा की आधी. त्याला त्या भिंतीचे पैसे तरी देताय की "एक्सपोजर"?

मला काय पाहिजे तर पंचनाम्याच्या फॉर्मवर एक ओळ, "कारागीर / कलाकार, राहत्या घरी किंवा हंगामी शेड". तेवढीच. आणि शाळांचे, मंडळांचे मोकळे पडलेले वरचे हॉल पावसाळ्यात दोन-तीन महिने या लोकांना सामान चढवायला द्यावेत. माझ्या ओळखीच्या एका मंडळाला विचारलं तर म्हणाले फरशी खराब होईल.

बरं, बुकिंगचं राहिलंच. यंदा मी पूर्ण पैसे आधीच दिले. काकांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढली. गेल्या वर्षीचीच, पुरात अंगावर होती म्हणून वाचलेली, पानं वाळून कडक झालेली. यंदाचं पान शोधताना गेल्या वर्षीचं पान उलटलं, त्यात माझं नाव दिसलं, पुढे दोन हजार, आणि त्याच्यापुढे पेन्सिलने "फोन आला". माझ्या खाली अजून सात-आठ नावं होती, एक सोडून सगळ्यांपुढे तेच.

काका म्हणाले, यंदा रंग कुठला लावू? म्हटलं नका लावू.