देवांवरचा एक देव

हिंदूंचे देव असंख्य, त्यामुळे सर्वांच्या वरचा एक परमेश्वर ही कल्पना त्यांच्याकडे कधी नव्हतीच. ती इंग्रजी अमदानीत मिशनऱ्यांना उत्तर देताना राममोहन रायांसारख्या सुधारकांनी उसनी घेतली. आणि म्हणूनच आजही वैष्णव, शैव, शाक्त यांचं त्यावर एकमत नाही. हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे.

उसनवारीचा मुद्दा तारखांनीच निकालात निघतो. एकाच ईश्वराच्या उपासनेसाठी काढलेली राममोहन रायांची ब्राह्मसभा 1828 सालची. न्यायदर्शनाचे तत्त्वज्ञ उदयनाचार्य यांचा ‘न्यायकुसुमांजली’ दहाव्या-अकराव्या शतकातला, आणि तो अख्खा ग्रंथ ईश्वराचं अस्तित्व सिद्ध करण्यासाठी लिहिलेला आहे. सुधारकांच्या प्रार्थनेच्या पद्धतीवर ख्रिस्ती छाप होती, हे मान्य. पण एकेश्वराचा आधार म्हणून राममोहन रायांनी ईश, केन, कठ ही उपनिषदंच भाषांतरित केली.

आता असंख्य देवांचं. बृहदारण्यक उपनिषदात शाकल्य याज्ञवल्क्यांना विचारतो, देव किती? उत्तर येतं, 3306. तो पुन्हा विचारतो, खरोखर किती? 33. मग 6, 3, 2, दीड, आणि शेवटी एक. तो एक म्हणजे प्राण, तेच ब्रह्म. हा संवाद मला फार मोलाचा वाटतो, कारण एकापर्यंत पोचताना याज्ञवल्क्य आधीचा कोणताही देव खोटा ठरवत नाहीत. 3306 हा त्या 33 देवांचाच महिमा, असं ते सांगतात. अनेक देव मानले की एक परमेश्वर मानता येत नाही, हे गृहीतकच त्या मजकुराने बाहेरून आणलं आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या हिरण्यगर्भ सूक्तात तर ‘यो देवेष्वधि देव एक आसीत्’ असे स्वच्छ शब्द आहेत: देवांवर जो एकच देव होता. इतर देव आहेत, आणि त्यांच्यावर तो आहे.

राहिला एकमताचा प्रश्न. श्वेताश्वतर उपनिषद रुद्र एकच, दुसरा नाही असं म्हणतं. मध्वाचार्यांसाठी विष्णूच सर्वोत्तम. देवीमाहात्म्यात सगळी शक्ती देवीची. हा वाद खराच आहे आणि कधी कधी तो कडवटही झाला. पण सर्वोच्च कोण यावर शतकानुशतकं भांडायचं, तर सर्वोच्च कुणीतरी आहे हे आधी मान्य असावं लागतं. बदामीच्या सहाव्या शतकातल्या लेण्यांत शिव आणि विष्णू एकाच देहात कोरलेले हरिहर उभे आहेत, तेही याच प्रश्नाला दिलेलं एक उत्तर.

मात्र याला प्रत्युत्तर म्हणून ‘प्रत्येक हिंदू पहिल्यापासून एकच ईश्वर मानत आला’ असं जे ठोकून दिलं जातं, तेही मला मान्य नाही. सांख्य दर्शनाचा प्रमुख ग्रंथ असलेल्या सांख्यकारिकेत ईश्वराला जागा नाही. आणि वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसा दर्शनाचे आचार्य कुमारिल भट्ट यांनीच विचारलं होतं, की ईश्वराने करुणेपोटी जग निर्माण केलं म्हणता, तर तेव्हा करुणा करायला होतं तरी कोण?